घरचा हिशेब : आपली बाई, दुसऱ्याचं घर

मिरजेहून एका भगिनींचं चार पानी पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी बजावलंय, म्हणून छापत नाही. पण पत्रातली अडचण एकट्या त्यांची नाही. गावोगावी आपल्यासारख्याच बायका बाहेरच्या खोलीत एक टेबल आणि एक फोन ठेवून नर्सेस ब्यूरो चालवतात. आणि ज्या चालवत नाहीत, त्यांच्यापैकी कितीजणींच्या घरी आज सासूबाईंपाशी किंवा मामंजींपाशी अशाच ब्यूरोची बाई बसलेली असेल! तेव्हा पत्र दोन्हीकडच्यांनी वाचावं.

या भगिनींच्या सासूबाई दीड वर्ष अंथरुणाला खिळून होत्या. त्या काळात चांगली बाई मिळणं किती कठीण असतं ते त्यांना कळलं, आणि सासूबाई गेल्यावर त्यांनी स्वतःच ब्यूरो सुरू केला. त्याला सहा वर्षं झाली. आज नऊ बायका त्यांच्यामार्फत ड्यूटीवर जातात. पेशंटच्या घरचे पैसे या भगिनींकडे देतात, त्या आपला हिस्सा ठेवून महिन्याच्या महिन्याला बायकांचा पगार करतात. बाई आजारी पडली तर बदली बाई त्याच पाठवतात.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या एका बाईच्या रात्रपाळीत आजी कमोडवरून उठताना पडल्या. खुबा मोडला, ऑपरेशन झालं. घरच्यांचं म्हणणं, बाई झोपली होती. बाई म्हणते, मी झोपले नव्हते, टॉवेल घ्यायला वळले तेवढ्यात आजी उठल्या, त्यांना धरताना माझाही हात मुरगळला. आता घरचे ऑपरेशनचा सगळा खर्च, २ लाख ३० हजार, या भगिनींकडे मागताहेत आणि वकिलाची नोटीस धाडू म्हणताहेत. इकडे ती बाई हाताला पट्टा बांधून घरी बसली आहे, बिनपगारी.

भगिनींचा प्रश्न असा : "राहता फ्लॅट माझ्या आणि यांच्या नावावर आहे. माझ्यामुळे घरावर जप्ती येईल का? आणि आमच्यासारख्यांना विमा मिळतो का?"

आधी घाबरवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर देते.

आजी पडल्या म्हणजे चूक झालीच, असं कायदा मानत नाही. निष्काळजीपणा झाला हे मागणाऱ्याला दाखवून द्यावं लागतं. पण तो सिद्ध झाला, तर मात्र "मी फक्त बाई मिळवून देते" एवढं म्हणून सुटका होईल, अशी आशा धरू नका. पैसे कोण घेतं, पगार कोण देतं, बाई कोण बदलतं, वेळ कोण ठरवतं, हे पाहिलं जातं. तुमच्या बाबतीत या चारही गोष्टी तुम्हीच करता. शिवाय तुमचा धंदा एकटीच्या नावाचा. अशा धंद्याचं देणं आणि मालकिणीचं देणं कायद्याच्या दृष्टीनं एकच. धंद्यातून भागलं नाही, तर मालकिणीच्या नावावर जे काही आहे त्यात हात घालता येतो, आणि त्यात फ्लॅटमधला तुमचा हिस्साही आला. उद्याच जप्ती येते आहे असं नाही. पण दार उघडं आहे, हे समजून असा.

१९९५ साली सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की, पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येते. पुढे १९९८ सालच्या एका निकालात तर गोष्ट थेट नर्सच्या हातापर्यंत आली. एका खासगी रुग्णालयात लहान मुलाला नर्सनं नको ते इंजेक्शन शिरेतून दिलं आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती नर्स कुठल्याही राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदलेली नव्हती. तिला कामाला ठेवणाऱ्या रुग्णालयाला जबाबदार धरण्यात आलं. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांना झालेल्या यातनांसाठी वेगळे पाच लाख, अशी भरपाई कायम झाली. मोठं रुग्णालय आणि बाहेरच्या खोलीतला ब्यूरो यांत फरक आहे, मान्य. पण तत्त्व तेच : ज्याच्या नावानं माणूस कामाला जातं, त्याला त्या माणसाच्या हातून घडलेल्या चुकीचं उत्तर द्यावं लागतं.

आता दुसरा प्रश्न. होय, विमा मिळतो. पण जे घडून गेलं त्याच्यासाठी आता नाही. पुढच्यासाठी मिळेल. आणि तो एक नसून तीन वेगवेगळे आहेत. आपल्याकडे गल्लत होते ती इथेच.

पेशंटच्या बाजूचा विमा

याला प्रोफेशनल इन्डेम्निटी म्हणतात. तुमच्या किंवा तुमच्या माणसाच्या कामातल्या चुकीमुळे पेशंटला इजा झाली आणि त्यानं भरपाई मागितली, तर ठरलेल्या मर्यादेपर्यंत ती रक्कम आणि वकिलाचा खर्च यातून मिळतो. डॉक्टर आणि नर्सिंग होम असा विमा घेतात हे अनेकींना माहीत असतं. ब्यूरोसाठी मात्र विमा कंपनीला मुद्दाम विचारावं लागतं. "नर्स आणि आया पेशंटच्या घरी पाठवण्याचं काम" असं स्पष्ट लिहून मागा, आणि पॉलिसीच्या कागदावर तेच शब्द उतरलेत की नाही ते पाहून घ्या.

यात दोन आकडे असतात. एका घटनेला जास्तीत जास्त किती, आणि वर्षभरात मिळून किती. समजा ५ लाख आणि १० लाख. मग एका घटनेत ७ लाखांची भरपाई द्यावी लागली, तर वरचे २ लाख तुमचे. शिवाय दर दाव्यात सुरुवातीची काही रक्कम आपण सोसायची असते, तीही विचारून घ्या.

आणखी एक खाच आहे. हा विमा बहुतेक वेळा "दावा येईल तेव्हा चालू असला पाहिजे" अशा पद्धतीचा असतो. घटना मार्चमध्ये घडली, तेव्हा पॉलिसी होती. जूनमध्ये हप्ता भरायचा राहिला. ऑगस्टमध्ये नोटीस आली. मग हातात काही नाही! म्हणून हा विमा एकदा घेतला की खंड पडू देऊ नका. नूतनीकरणाची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेन्सिलीनं लिहून ठेवा.

बाईच्या बाजूचा विमा

पत्रात एक गोष्ट मला खटकली, आणि भगिनी रागावणार नाहीत या भरवशावर लिहिते. आजींच्या खुब्यावर तीन पानं आहेत. बाईच्या हातावर दीड ओळ.

पेशंटला उचलताना कंबर धरणं, ओल्या फरशीवर घसरणं, सुई टोचणं, रात्रीची ड्यूटी संपवून पहाटे घरी येताना रिक्षा उलटणं, हे या कामात होतच असतं. पेशंटच्या बाजूचा विमा यातला एक पैसाही बाईला देत नाही. त्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची वेगळी पॉलिसी असते. १९२३ सालच्या कायद्यानं ही जबाबदारी मालकावर टाकली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली आहे. घर ते काम या वाटेवरचा अपघातही, त्याचा कामाशी संबंध दाखवता आला तर, या संहितेत धरला आहे.

रक्कम किती मोठी होऊ शकते पाहा. मृत्यू झाला तर महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग घेऊन त्याला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्यानं गुणतात. चाळीस वर्षांच्या बाईसाठी तो आकडा १८४.१७ आहे. पगार १५,००० असेल तर ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३ लाख ८१ हजार २७५ रुपये. एवढी रक्कम आपल्यापैकी कोण डब्यात ठेवून बसलंय?

या कायद्यात कोणकोणती कामं येतात त्याची यादी आहे. तुमचं काम त्यात कसं बसतं ते वकिलाला एकदा विचारा. पण यादीत बसो न बसो, तुमच्या कामावर जायबंदी झालेली बाई तुमच्याच दाराशी येणार, आणि कायद्याच्या दुसऱ्या वाटेनंही भरपाई मागता येते. तेव्हा पॉलिसी घेताना दोन्ही जबाबदाऱ्या त्यात येतात का, हे विचारायचं. हप्ता एकूण पगारावर ठरतो. तो वाचवायला नऊ बायका असताना चारच दाखवल्या, तर नेमकी पाचवी पडली की कंपनी हात वर करील. आणि पगारावरची माणसं दहा झाली की कर्मचारी राज्य विम्याची, म्हणजे ईएसआयची नोंदणी लागू होते का, ते पाहावं लागेल. नवावरून दहावर जाताना हा विचार आधी करा.

याखेरीज प्रत्येक बाईला आजच्या आज बँकेत पाठवून एक काम करून घ्या. पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. वय १८ ते ७० चालतं. जीवन ज्योती योजनेत ४३६ रुपयांत कुठल्याही कारणानं मृत्यू आला तरी वारसाला २ लाख मिळतात. तिथे प्रवेशाचं वय १८ ते ५०. दोन्ही मिळून ४५६ रुपये. दिवाळीला साडी देतोच ना आपण? हे साडीच्या आधी द्या. मात्र यानं तुमची मालकिणीची जबाबदारी संपत नाही, हेही ध्यानात ठेवा.

चोरीचा आळ

पाटल्या हरवल्या की पहिलं बोट बाईकडे जातं. नोकराच्या अप्रामाणिकपणाचा विमा असतो, त्याला फिडेलिटी म्हणतात. पण साध्या पॉलिसीत मालकाचं स्वतःचं नुकसान भरून मिळतं. पेशंटच्या घरातल्या पाटल्या त्यात येत नाहीत. ग्राहकाच्या वस्तूंसाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं, तेव्हा ते आहे का हे विचारा. आणि विम्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे बाईची पोलीस पडताळणी, आणि घरच्यांना पहिल्याच दिवशी सांगणं की दागिने आणि रोकड कुलपात ठेवा.

आता खरी गोष्ट

पत्राच्या शेवटी भगिनींनी सहज लिहिलंय, "आमच्या बायका तशा हुशार आहेत हो. दोघीतिघी तर इन्सुलिनही टोचतात."

मैत्रिणींनो, हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला.

विमा म्हणजे तुमच्या शब्दावर कंपनीनं ठेवलेला विश्वास. अर्जात तुम्ही जे काम लिहिलं त्याचाच तो विमा. अर्जात "आया, सोबत आणि स्वच्छता" लिहिलं आणि तुमची आया इन्सुलिन टोचते आहे, तर ज्या दिवशी डोस चुकेल त्या दिवशी कंपनी विचारील, हे काम कुठे लिहिलं होतं? ही नोंदणीकृत नर्स आहे का? मग दहा वर्षं भरलेले हप्ते पाण्यात. आणि त्याहून मोठं म्हणजे, एका माणसाची साखर एकदम उतरून जीव धोक्यात.

म्हणून विमा एजंटाला बोलावण्याआधी एक काम करा. सगळ्या बायकांना एका दुपारी चहाला बोलवा आणि विचारा, "तुम्ही तिथे खरोखर काय काय करता?" रागवायचं नाही, फक्त लिहून घ्यायचं. ती यादी तीन भागांत पाडा.

पहिला भाग सेवेचा. अंघोळ, डायपर, भरवणं, कूस बदलणं, फिरवणं.

दुसरा भाग लक्ष ठेवण्याचा. डॉक्टरांनी लिहिलेल्या गोळ्या घरच्यांनी काढून ठेवल्याप्रमाणे वेळेवर देणं, बीपी आणि साखर मोजून वहीत लिहिणं, लघवीची पिशवी रिकामी करणं.

तिसरा भाग नर्सिंगचा. इंजेक्शन, सलाईन, नाकातल्या नळीतून भरवणं, कॅथेटर बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग. या भागाला फक्त नोंदणी असलेल्या नर्सनं हात लावायचा. तिच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीची प्रत तुमच्या फायलीत हवी, आणि मुदत संपलेली नाही ना तेही पाहायचं.

घरचे लोक फार गोड बोलून आयेकडून तिसऱ्या भागातलं काम करवून घेतात. "मावशी, तुमचा हात हलका आहे, तुम्हीच टोचा." मावशीलाही बरं वाटतं, वर पन्नास रुपये मिळतात. तिला नाही म्हणायला शिकवा, आणि तुमच्या करारातही लिहा की आयेकडून हे काम करून घ्यायचं नाही. त्या करारावर घरच्यांची सही घ्या. ही यादी जशीच्या तशी विम्याच्या अर्जाला जोडा, आणि अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवा. एजंट म्हणेल, "वहिनी, एवढं कशाला लिहिता, हप्ता वाढेल." वाढू दे. हप्ता वाढलेला परवडतो, विमा न मिळालेला परवडत नाही.

काही घडलंच तर

विमा असेल तर कंपनीला लगेच, लेखी कळवा. नोटीस यायची वाट बघू नका. वहीतल्या नोंदी, ड्यूटीचा कागद, बाईनं स्वतः सांगितलेली हकिगत त्याच दिवशी लिहून ठेवा. कंपनीला न विचारता "आमची चूक झाली, आम्ही भरून देऊ" असं लिहून देऊ नका आणि पैसेही देऊ नका. त्यावरून दावा नाकारला जाऊ शकतो. पेशंटला भेटायला जायला मात्र कुणाची आडकाठी नाही. जरूर जा. माणुसकीची विचारपूस म्हणजे चुकीची कबुली नव्हे.

दारू पिऊन केलेलं काम, मुद्दाम केलेली इजा, गुन्हा, सरकारी दंड, यांना असा विमा सहसा लागू नसतो. आणि रास्त दावा कंपनीनं नाकारला, तर आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. महिनाभरात दाद मिळाली नाही तर विमा लोकपालांकडे जा. त्यांची कचेरी मुंबईत आहे, पुण्यातही आहे. फी नाही, वकील लागत नाही. एकटीच्या मालकीचा धंदाही तिथे दाद मागू शकतो. कंपनीनं नकार दिल्यापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं, एवढं लक्षात ठेवा.

ज्यांच्या घरी बाई येते त्यांच्यासाठी

तुम्ही ब्यूरोला फोन कराल तेव्हा दर विचारण्याआधी चार प्रश्न विचारा. येणारी नर्स आहे की आया? नर्स असेल तर नोंदणी दाखवाल का? तिला काही झालं तर तिचा विमा आहे का? आमच्या माणसाला काही झालं तर तुमचा विमा आहे का? ज्या ब्यूरोकडे चारही उत्तरं आहेत तिचा दर थोडा जास्त असेल. तो का जास्त आहे ते आता तुम्हाला कळलं. आणि ब्यूरोशिवाय तुम्ही स्वतःच बाई ठेवली असेल, तर मालकीण तुम्हीच! घराच्या काही एकत्रित विमा पॉलिसींत घरकामगाराच्या अपघाताचं कलम जोडून मिळतं, त्याची चौकशी करा. कमोडपाशी भिंतीला पकडायला दांडी बसवणं, रात्री दिवा चालू ठेवणं, ही कामं मात्र विमा कंपनी करणार नाही. ती आपणच करायची.

शेवटी मिरजेच्या भगिनींना. या घटनेपुरता तुमच्यापाशी विमा नाही, तेव्हा नोटीस येण्याआधीच चांगला वकील गाठा. कागदावर एकटीनं सही करू नका. तडजोड करायची ठरलीच, तर ती वकिलामार्फत, लेखी आणि कायमची मिटली असं लिहून घेऊन करा. तडजोडीचा आकडा मागितलेलाच असतो असं नाही. घरात यांना सगळं सांगा, लपवू नका. फ्लॅट दोघांचा आहे.

आणि आज संध्याकाळी त्या बाईच्या घरी जा. हाताचा एक्स-रे निघाला का ते विचारा. औषधपाणी आणि बुडालेले दिवस तुमच्या पदरचे द्या. नोटीस देणारे लोक तुम्हाला सापडले, कारण त्यांच्याकडे वकील आहे. तिच्याकडे तुमच्याशिवाय कुणी नाही. तिनं आजींना धरायला हात पुढे केला, तो तुमच्या ब्यूरोच्या नावानं केला.

बायकांची चहाची बैठक झाली की यादी मला पाठवा. तिसऱ्या भागात किती कामं निघाली ते वाचायची उत्सुकता आहे.